शिरीषचं अडकलेलं डाऊनलोड

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. मंगळवारी सकाळी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, स्टिअरिंगवर डोकं टेकून... सत्तेचाळीस हे काय जायचं वय आहे? दुःखाआधी मला राग आला, हे कबूल करतो. साधा माऊस घ्यायचा तरी मला दहा वेळा विचारणारा हा माणूस, आणि एवढी मोठी गोष्ट परस्पर उरकून मोकळा झाला.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, आम्ही बारा वर्षं शेजारी. २००३ उजाडलं, गल्लीत सगळ्यांकडे ब्रॉडबँड आलं, तरी हा नागपूरकर फोनवरून चालणाऱ्या डायल-अपलाच चिकटून. "काम होऊन राहिलं ना बे, मग?" हे त्याचं उत्तर. घरात फोनची लाइन एकच, म्हणून आठवड्यात सवड मिळेल तशी तो पत्रं लिहून ठेवायचा आणि शनिवारी चार वाजता नेट जोडलं की ती आपोआप जायची. त्यातलं एक ठरलेलं, आईला. नागपूरला त्याचे थोरले भाऊ, अविनाशदादा, ते छापून आईंना वाचून दाखवत. आईला आपला चेहराही दिसावा म्हणून कॅमेऱ्यावर बोलायचं एक सॉफ्टवेअर तो उतरवून घेत होता, पण ते दर शनिवारी अर्ध्यात बंद पडायचं. येऊन बघ, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

तो गेल्यावर दादांनी एकच गोष्ट बजावली, आईला कळवायचं नाही. ब्याऐंशी वय, कमजोर हृदय. पत्र का येत नाही असं त्यांनी विचारलं की दादा सांगत, त्याचा कॉम्प्युटर बिघडलाय.

तिसऱ्या शनिवारी मेधाचा, शिरीषच्या बायकोचा, फोन आला. "विनय, घरी येतोस? चारच्या आत ये, प्लीज."

त्याच्या खोलीत मी आणि मेधा उभे राहिलो. बरोबर चारला अंधारा मॉनिटर उजळला. मोडेमनं आपणहून नंबर फिरवला आणि ती ओळखीची किरकिर सुरू झाली. दारातून त्यांची दहा वर्षांची ईरा म्हणाली, "काका, इट्स डूइंग इट अगेन." किरकिर मध्येच तुटली आणि डाऊनलोड फेल झाल्याची चौकट आली.

"मागच्या शनिवारी हा आवाज आला," मेधा म्हणाली, "आणि मी चहा घेऊन आत आले रे. दोन कप."

वेळ त्यानंच लावून ठेवली होती, यात चमत्कार काही नव्हता. मला ते कळत होतं, तरी त्याच्या खुर्चीत बसताना अंगावर काटा आला. टेबलाखाली वाकून पाहिलं तर फोनची वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन चेपली होती. एवढंच. पाच मिनिटांचं काम, ज्यासाठी मला महिनाभर वेळ नव्हता. नवी वायर लावून परत जोडलं. एकसष्ट टक्क्यांवर अडकलेली पट्टी पुढे सरकली आणि मला फार आनंद झाला. तेवढ्यात मागून दुसरी चौकट वर आली. दोनपैकी पहिलं पत्र जात आहे... ही शिरीषनं लिहून ठेवलेली पत्रं, हे समजायला मला दोन सेकंद लागले. वायर उपटली तोवर दोन्ही गेली होती.

घरी येऊन मेल उघडलं. त्यातलं एक मलाच होतं, आजच्या तारखेनं पोचलेलं. "विन्या, डाऊनलोड परत फेल. शनिवारी चारला येऊन जा बे. मी नसलो तर मेधा दार उघडेल." मी घरातले सगळे दिवे लावले.

रात्रीच्या जेवणाआधीच दादांचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ. पत्र आलेलं दिसताच वहिनींनी ते दादांना दाखवायला छापून आणलं होतं आणि आईंनी ते हातातून ओढूनच घेतलं. त्यात लिहिलं होतं, मार्चमध्ये येतो.

"त्याची गादी उन्हात टाकायला लावली रे आईनं," दादा म्हणाले. "आता तूच लिही. त्याच्याच पत्त्यावरून. सुट्टी कॅन्सल झाली म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो. मला वाटलं होतं, जमणार नाही. पण बोटं थांबेचनात. त्याचं 'बरं का आई', त्याची गुडघ्याच्या तेलाची चौकशी, सगळं न आठवताच येत गेलं. ते लिहिणारा मी आहे, असं मला वाटेना. मागे उभी राहून मेधानं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अगदी त्याचंच वाटतंय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी पण लिहिशील? आणि त्याच्या पुढच्या?"

तिनं नागपूरला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आईंना बोलवायला सांगितलं आणि काहीही आडपडदा न ठेवता शिरीष गेल्याचं सांगून टाकलं. पलीकडे लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मग कालचं पत्र कोणी लिहिलं?" आईंचा आवाज आला.

"त्यानंच, आई. जायच्या आदल्या दिवशी."

"त्यानंच ना? तुम्ही कोणी नाही ना?"

"नाही आई. त्यानंच."

"मग ते माझ्यापाशी राहू दे," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

माझं पत्र अजून स्क्रीनवर तसंच होतं. मेधाला ते पुन्हा दिसू नये म्हणून मी हात लांब करून मॉनिटर बंद केला.