हनवते ड्रायव्हरांच्या उजव्या हाताची खुर्ची

आनंदराज हनवते एस.टी.तून निवृत्त झाले तेव्हा लातूर आगारातल्या सोबत्यांनी त्यांना शाल दिली आणि लेकीने कॉम्प्युटर दिला. शाल ट्रंकेत गेली. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत आला आणि त्या खोलीतून विमानं उडू लागली.

लेक बुद्धप्रिया खरीखुरी विमानं चालवते. सत्तर सीटांचं विमान, कॅप्टन डावीकडे आणि ही त्याच्या उजव्या हाताला. बापाने एकतीस वर्षं लातूर-किनवट गाडी चालवलेली; घरी बसून हात शिवशिवायला लागले, म्हणून तिने विमान चालवायचा खेळ बसवून दिला. दोन महिने रमतील, असं तिला वाटलं होतं. पण हनवत्यांनी खेळ खेळासारखा घेतलाच नाही. उड्डाणाआधी ते पडद्यावर विमानाला बाहेरून पूर्ण चक्कर मारत. टायरवर लोखंडी टॉमी ठोकून हवा बघता येत नाही, एवढीच खंत. आणि स्वयंपाकघरातून महानंदाबाईंनी वाटीवर चमचा दोनदा वाजवल्याशिवाय विमान जागचं हलत नसे.

"डबल बेल दे की गं!"

"भाकर तव्यावर हाय. थांबतेत तुमचे पाशिंजर."

या ऑगस्टात बुद्धप्रिया चार दिवसांच्या रजेवर आली. बापाचं उड्डाण बघितलं आणि बॅगेतून एक प्लॅस्टिकमध्ये मढवलेला कागद काढून टेबलावर ठेवला. केव्हा काय तपासायचं, त्याची यादी.

"बाबा, हे प्रत्येक वेळी वाचायचं. पाठ झालं तरी वाचायचं."

"एकतीस वर्षं काय वाचून ब्रेक मारले मी?"

"बसची चाकं खालीच असतात, बाबा. विमानाची खाली घ्यायची राहून जातात."

हे त्यांना पटलं. थांबे पुकारावेत तशा खणखणीत आवाजात ते यादी वाचू लागले. मग हळूच मनातलं बोलले. डाव्या खुर्चीवर आपण, उजव्या खुर्चीवर तू, पुणे ते नांदेड एक अख्खी फेरी. खऱ्या विमानात हा योग या जन्मी येणार नव्हता. बुद्धप्रिया हसली आणि उजवीकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली.

तो खेळ असा, की बाहेर जे हवामान असेल तेच पडद्यावर येतं. नांदेडवर ढग होते. लेकीने नियम सांगितला. ढगातून ठरलेल्या उंचीपर्यंत उतरायचं. तिथे धावपट्टी दिसली तर ठीक, नाही तर लगेच वर.

ती उंची आली. पट्टी दिसेना.

"वर, बाबा."

"दिसंल, दिसंल," म्हणत हनवते खालीच गेले. पट्टी दिसली, पण बाजूला. विमान वाकडं करून त्यांनी दाणकन टेकवलं. शेजारचे व्यंकट, डाळ मिलमधले मुकादम, चहा प्यायला आले होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतेत डायवर!"

बुद्धप्रिया उठली. "मी पुन्हा नाही बसणार."

"अगं, पोचलो की!"

"हो. पोचलो," ती म्हणाली आणि आत जाऊन आईबरोबर मेथी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी हनवत्यांनी दुपारपर्यंत कॉम्प्युटर लावला नाही. मग राहवेना. "एकतीस वर्षांत एक गाडी अर्ध्या वाटेतून माघारी आणली न्हाई मी. हे डिपोत कुणालाबी विचार."

"इस्लापूरच्या अलीकडचा तो पूल?"

हनवत्यांचा चेहरा खुलला. ती त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट. पुलावरून पाणी चाललेलं, प्रवासी घाबरलेले, आणि त्यांनी इंच इंच करत गाडी पलीकडे काढली होती. किनवटला लोकांनी हार घातला होता.

"मी होते त्या गाडीत. आठ वर्षांची," बुद्धप्रिया म्हणाली. "मी डोळे मिटून पाढे म्हणत होते. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा उघडले."

हनवत्यांनी टेबलावरची यादी उचलली आणि परत ठेवली. "कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही इतके खुशीत होता."

रविवारी संध्याकाळी ती परत जायची होती. दुपारी हनवत्यांनी उजवी खुर्ची फडक्याने पुसली, लेकीकडे न बघता विमान काढलं. व्यंकट आज मिलमधले दोघे सोबत घेऊन तमाशा बघायला आलेले. बुद्धप्रिया दाराला टेकून उभी होती.

नांदेडवर पुन्हा ढग. यादी वाचून झाली, चाकं खाली, वेग बरोबर. उंचीचा आकडा उतरत उतरत ठरल्या जागी आला. समोर नुसता कापूस. त्याच वेळी खाली उजवीकडे एक पिवळट पुसटसं काहीतरी चमकलं.

"ते बघा दिवे!" व्यंकट ओरडले. "टेकवा, टेकवा!"

हनवत्यांच्या पायाने फरशीवरच ब्रेक दाबला. मग ते म्हणाले, "वर," आणि इंजिनाची दांडी पुढे ढकलली. नाक उचललं, चाकं आत गेली.

"अहो, दिसलं होतं की!"

"पट्टी न्हाई दिसली."

"मग एक गिरकी मारून या परत."

हनवत्यांनी तेलाचा आकडा बघितला, बोटांवर हिशेब केला. "आणखी एक गिरकी मारली अन् न्हाई जमलं, तर पुढं जायला तेल पुरत न्हाई. हैदराबादला चाललो."

"घ्या! नांदेडचं तिकीट अन् हैदराबादला उतरा!" व्यंकट उभेच राहिले. "माझी सासुरवाडी नांदेडची. हैदराबादला काय, निजामाच्या घरी मुक्काम करू?"

मिलमधले दोघे खो खो हसले. हनवत्यांचे कान लाल झाले. पण प्रवाशांना सांगायला तर हवं. माइक नव्हता, त्यांनी मूठ तोंडापुढे धरली. "प्रवाशांनो, नांदेडवर ढग आहेत. आपण हैदराबादला चाललो आहोत. गैरसोयीबद्दल..." पुढचं येईना. असलं कधी बोलावंच लागलं नव्हतं. "लई वाईट वाटतंय, माफ करा."

उजवीकडची खुर्ची करकरली. बुद्धप्रिया बसली होती. तिने यादी हातात घेतली.

"कॅप्टन, तपासणी राहिली. चाकं?"

"वर."

"पंखांचे फ्लॅप?"

हनवत्यांनी आधी पडद्याकडे नीट बघितलं, मगच उत्तर दिलं. "शून्य."

नांदेड हुकल्यामुळे व्यंकट आणि मंडळी उठून घरी गेली. आतून महानंदाबाईंनी हाक मारली, "अगं, साडेपाचची गाडी हाय तुझी. बॅग भरली का?"

"चाळीस मिनिटं उठता येणार नाही, आई. विमानात आहे."

हनवत्यांनी मान वळवून उजवीकडे बघितलं. बघतच राहिले.

"समोर बघा, कॅप्टन," ती म्हणाली.