डबा परत करायचा राहिला

मुलुंडहून गाडीने थेट पुरीपर्यंत जायचं आणि वाटेत एकाही मोठ्या शहरात मुक्काम करायचा नाही, हा शहाणपणा माझा. नवरा म्हणाला, "नागपूरला मस्त हॉटेलं आहेत, यार." मी म्हटलं, "हॉटेलं साकीनाक्यालाही आहेत, रोज ऑफिसला जाताना बघते." मला छोटी गावं हवी होती. कौलारू घरं, तळं, देवळाच्या पायऱ्या, जुना बाजार. दोन महिने रोज जेवण झालं की मी मोबाईलवर फोटो बघून गावं निवडत होते. मुलगी बघायला निघालेल्या सासूचा सगळा तोरा अंगात आला होता. हे गोड आहे, ह्यात काही दम नाही, ह्याला नदी आहे पण घाट घाण आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी यादी मागायच्या आणि मी फुशारून जायचे.

आई आमच्याकडेच राहते. तीही येणार होती. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बुलढाणा जिल्ह्यातून जातो ना आपण? मग माझं गाव लागेल."

तिचं गाव म्हणजे माहेर नव्हे. लग्नाआधी दोन वर्षं ती तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पहिली नोकरी. मला एवढंच माहीत होतं. मी लगेच मोबाईलवर गाव शोधलं. एसटी स्टँड, पेट्रोल पंप, खतांचं दुकान आणि कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर.

"आई, काय आहे गं तिथे बघण्यासारखं?"

तिने क्षणभर विचार केला. "बघण्यासारखं तसं काही नाही," म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तीच नको म्हणतेय, असं मी सोयीने समजले आणि गावावर काट मारली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने बेसनाचे लाडू केले. तिची बोटं हल्ली सुजतात. चार लाडू वळायचे, मग जरा बसायचं, असं करत अख्खी दुपार गेली. कडीच्या एका जुन्या स्टीलच्या डब्यात ते भरून तिने डबा स्वतःच्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, झकास, वाटेतल्या खाण्याची सोय झाली. डिकीत ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. पिशवी पायाशीच घेऊन बसली.

पहिल्याच दिवशी दुपारी त्या गावाचा फाटा आला. आई काचेला नाक लावून पाटी वाचत होती. "आत दोनच किलोमीटर आहे," म्हणाली. नवऱ्याने गाडी हळूही केली. पण मला मुक्कामाच्या गावी उजेडात पोचायचं होतं, फोटो हवे होते ना! "आई, येताना नक्की जाऊ," मी म्हटलं.

"हो, हो, येताना जाऊ," तीच मला म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

चौथ्या दिवशी ओडिशातल्या एका गावात आम्ही उतरलो. विणकरांचं गाव, दाराशी रांगोळ्या, सगळं अगदी फोटोतल्यासारखं. घरमालकीण म्हातारी होती. तिने आग्रह करकरून जेवायला घातलं. निघताना मला वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं? मी आईच्या पिशवीतून डबा काढला आणि सगळेच्या सगळे लाडू तिच्या ताटात ठेवले.

"अगं, ते..." आई म्हणाली.

"ते काय?"

"काही नाही. दे."

मी त्या बाईंबरोबर फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'छोट्या गावांतली मोठी मनं.' खूप जणांनी वाहवा केली. तो फोटो मी आता काढून टाकलाय.

परतताना मला तेलंगणातलं तळ्याकाठचं एक गाव सापडलं, म्हणून आम्ही दुसऱ्याच रस्त्याने आलो. आईचं गाव? मला आठवलंसुद्धा नाही. एकदाही नाही.

घरी आल्यावर मी डबा घासायला घेतला. आमच्याकडे जुन्या भांड्यांवर आईचं नाहीतर आजीचं नाव कोरलेलं असतं. ह्याच्या बुडाशी भलत्याच बाईचं नाव होतं, आणि त्याखाली त्या गावाचं.

"आई, हा कुणाचा डबा?"

"माझ्या घरमालकिणीचा," ती म्हणाली. "दोन वर्षं जेवू घातलं तिने मला. टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून होती. लग्न ठरलं, निघाले, तेव्हा ह्यात लाडू भरून दिले. म्हणाली, डबा द्यायला तरी येशील. आणि रिकामा आणू नकोस हं."

"मग सांगायचं ना गं!" माझा आवाज चढला. लाज वाटली की माझा आवाज चढतोच, लहानपणापासूनची खोड.

"काय सांगायचं? ती आहे की नाही, तेही माहीत नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी."

"शनिवारी जाऊ आपण. मी सुट्टी टाकते. लाडू मी करते, तू नुसती समोर बस."

आईने माझ्या हातातून ओला डबा घेतला, पदराने आतून-बाहेरून कोरडा केला आणि वरच्या फळीवर मागे ठेवून दिला.

"कशाला गं एवढ्या लांब?" ती म्हणाली. "काय आहे तिथे बघण्यासारखं?"

हा टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण टोमणा नव्हता. तिला ते पटलं होतं.