पीक उभं पाहिजे

गारपीट झाली त्या वर्षी मी कळवण तालुक्यात कृषी सहायक होते. तीन गावं माझ्याकडे होती. तलाठी, ग्रामसेवक आणि मी मिळून शेतोशेत पंचनामे करायचो. शेतकऱ्याला बांधावर उभं करायचं, मागे झोडपलेलं पीक दिसेल असा मोबाईलवर फोटो काढायचा, गट नंबर आणि क्षेत्र लिहायचं, सही घ्यायची, की पुढचं शेत. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी फक्त "इकडे बघा" एवढंच म्हणत होते.

आमचं स्वतःचं शेत वणीजवळ. तिथेही त्याच संध्याकाळी गारा पडल्या होत्या. वडिलांचा फोन आला, "आपला कांदा गेला. तू तुझं काम कर." मी म्हणाले, "नाना, पंचनामा होईपर्यंत वावराला हात लावू नका." ते हो म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी एका बाईच्या वावरात गेलो. नवरा वारलेला, जमीन थोडीच. वावर साफ होतं. सडलेला कांदा तिने एकटीने उपटून बांधाच्या कडेला टाकला होता.

"मावशी, पीक उभं पाहिजे. फोटोत दिसायला हवं," मी म्हणाले.

"मग ह्यो काय हाय?" तिने ढिगाकडे हात केला.

"ढीग चालत नाही."

"घरात बसवत नव्हतं, मॅडम. लय वास."

तलाठी वहीत बघत राहिले. मी तिच्या गट नंबरापुढे 'पीक आढळले नाही' असं लिहिलं. तिने आम्हा तिघांना तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन आम्ही पुढे गेलो.

त्या दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून मी बसने घरी गेले. रस्त्यावरूनच आमचं वावर दिसलं. ट्रॅक्टरने रोटर फिरवलेलं, काळं, सपाट. वडील ओट्यावर बसले होते.

"कोणी आलं होतं का?" मी विचारलं.

"उद्या येतो म्हणाले. दोन दिवस वाट पाहिली."

"मी सांगितलं होतं ना, नाना."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. "बघवत नव्हतं."

त्या भागातले तलाठी माझ्या ओळखीचे. मी त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा, रिकाम्या वावराचा फोटो मी कसा टाकू?" मी "बरोबर आहे" म्हणून फोन ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आईने वाढलं ते जेवून मी झोपले.

मदतीच्या याद्या पावसाळ्यात लागल्या. त्या बाईच्या गावची यादी मीच ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवली. ती बाई आली. तिला वाचता येत नव्हतं.

"दुसऱ्या पानावर असंल माझं नाव."

"नाही, मावशी."

तिने पदर नीट केला आणि मक्याचं बियाणं कधी येणार ते विचारलं. पुढच्या आठवड्यात, म्हणाले मी. ती गेली.

त्या रविवारी घरी गेले तेव्हा वडील मक्याला खत टाकत होते. आपलं नाव यादीत नसल्याचं त्यांना कळलं होतं. मी त्यांना त्या बाईबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी हातातलं खत टाकून संपवलं.

मग म्हणाले, "तिला सांगितलंस का, माझ्या बापाचंही नाव नाही म्हणून?"

"नाही."

"सांगायचं की. तिला वाटत असेल, मॅडमला काय कळतंय."

मी बरं म्हणाले. पुढे ती मला कळवणच्या बाजारात दोनदा दिसली. एकदा तर आम्ही एकाच गाडीवर मिरच्या निवडत होतो. तिने ओळखून "बरं हाय का, मॅडम?" असं विचारलं. बरं आहे, म्हणाले, आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे निघाले.