जोडीने टांगलेले बोंबील

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं येतं. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा सांभाळून घ्यावं.

आज चिखल्याला नणंदेकडे जाताना सुकत्या बोंबलांचा वास आला आणि लेकीची ती सकाळ आठवली. बीकॉमच्या पहिल्याच वर्षी ती अकाउंटमध्ये नापास झाली होती. फी नणंदेकडून उसनी घेतलेली. माझ्याबरोबर दोरीवर बोंबील टांगताना ती म्हणाली, "आई, कॉलेज सोडते मी. एकच व्यवहार दोनदा का लिहायचा, तेच डोक्यात शिरत नाही."

माझी पाठ भरून आली होती, समजूत घालायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात तिने रडत रडत टांगलेला बोंबील वाळूत पडला.

"अगं बीकॉम, दोघांचे जबडे एकमेकांत अडकव. एकटा कधी राहिलाय का दोरीवर?"

ती दोन बोंबील हातात धरून तशीच थांबली. "एक नावे, एक जमा," पुटपुटली.

"हात चालव, ऊन जाईल."

मला तेव्हा फक्त खोळंबलेलं काम दिसलं. संध्याकाळी तिने पुस्तक पुन्हा का उघडलं, ते आता कळतं.

आता ती तलासरीला हिशेब लिहिते. मी नणंदेच्या ओट्यावर टेकले आणि लेकीच्या पगारातून उसन्या फीचे राहिलेले शेवटचे पैसे नणंदेच्या हातावर ठेवले. सगळे फिटले.