पन्नासची लेन्स
लेन्स पुसायचं कापड हाती घेतलं की कामठ्याचं आमचं अंगण आठवतं. मी पदवीधर झालो म्हणून बाबांनी डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. गोंदियाचे म्हातारे स्टुडिओवाले म्हणाले, "पचास की लेन्स ले लो बेटा, आँख को दिखता है वैसा आएगा." पन्नास मिलिमीटरचा त्यांचा हा हिशोब रिळाच्या कॅमेऱ्याचा होता. माझ्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर रिळाच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे कडेचं सगळं कापलं जायचं. घरचे नऊ जण ओळीत उभे राहिले. मी मागे सरकत गोठ्यात शिरलो, म्हशीला टेकलो, तरी टोकाचे बाबा मावेनात. काका वैतागले, "काऊन रे, मांगंच जाऊन राहिला, फोटो कवा काढशीन?" शेवटी बाबाच बाजूला झाले. "राहू दे, माहं तोंड साऱ्याईले पाठ हाय." मी चरफडत बटण दाबलं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. बाबा प्रत्येक पाहुण्याला त्याच्यासमोर उभं करून सांगतात, "आमच्या पोरानं काढला," आणि मला त्या लेन्सचा नव्यानं राग येतो.