तळ्याकाठचे मामा

आमच्या मामांइतका भित्रा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही मामांना बघून म्हणेल, "बाबा रे, एवढंही भिऊ नये." तसे मामा फौजेतले. बर्फात राहिले, गोळीबार ऐकला, एकदा म्हणे तंबूत अस्वल शिरलं तर त्याला चहाचा मग फेकून हाकललं. त्यातल्या कशालाही ते घाबरले नाहीत. ते घाबरतात फक्त पाण्याला, पण त्या एकाच गोष्टीला माणूस किती प्रकारांनी घाबरू शकतो ते त्यांच्याकडून शिकावं. आम्ही मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणारे. आमच्या मुलखात पाणी टँकरनं येतं. "टँकरला तळ तरी असतोय," मामा म्हणतात, "ह्या नदीला कुठं हाय?" आणि नशीब बघा, अशा माणसाला बायको मिळाली कृष्णाकाठची, आणि पेन्शनीनंतर घर झालं कराडात, दोन नद्यांच्या कुशीत! पुलावरून जाताना मामा अजूनही डोळे गच्च मिटून घेतात. स्कूटर मामी चालवते म्हणून बरं.

या मामांच्या घरी मी उन्हाळ्यात राहायला गेले, आणि तेही तळ्यावर काम करायला. सांगलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होते. कराडजवळच्या एका तळ्याकाठच्या उद्यानात सुट्टीपुरती इंटर्नशिप मिळाली होती. सकाळी हौशी लोकांना पक्षी दाखवायचे, ऊन चढायच्या आत गळ टाकायला शिकवायचं, मासा लागला की तो बघायचा, दाखवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मला पोहता येत नाही हे उद्यानाच्या मॅडमना ठाऊक होतं. "तुझं सगळं काम काठावरूनच आहे," त्या म्हणाल्या होत्या. मामांना मात्र काठ हा प्रकारच मान्य नव्हता. "काठ म्हंजे पाणीच गं, जरा वाळल्यालं!" माझ्या आईला त्यांनी शब्द दिला होता, एकुलती एक पोर जशी आली तशी परत पाठवीन म्हणून. तो शब्द त्यांच्या मानेवर जू ठेवल्यासारखा बसला होता.

पहिल्याच सकाळी मामा माझ्याबरोबर निघाले. खांद्यावर बैलाचा कासरा. तळ्यावर पोचताच त्यांनी त्याचं एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या कमरेला. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "दुसऱ्याला वाचवायचं तर आपुण आधी बांधल्यालं पायजे." कार्यक्रमाला आलेल्या एका पोरानं आईला मोठ्यांदा विचारलं, "आई, ह्या आजोबांना बांधून का ठेवलंय? चावतात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते रोजचंच झालं. लोकांनी गळ उचलला की मामा लांबूनच ओरडायचे, "डोळं सांबाळा!" कुणी चिखलात पाय ठेवला की त्यांच्या घशातून 'आँ' असा आवाज निघायचा, आणि तो ऐकून पाणकावळे उडून जायचे. ते उडून गेले की मी काय दाखवणार? टिटवी ओरडली तर त्या दिवसाचा कार्यक्रमच रद्द करा म्हणायचे. "अपशकुनी पाखरू हाय, कुणाला तरी न्यायला आलंय!" मी समजवायचे की मामा, तिची अंडी आहेत जवळ, ती आपल्याला भिऊन ओरडतेय. तर म्हणाले, "मग तिला कळतंय, तुला कळत न्हाई." सांगलीकडं नदीत मगरी निघतात हे पेपरात वाचलेलं त्यांच्या डोक्यातून जाता जाईना. मी सांगून दमले की ती नदी, हे तळं, आणि सांगली कुठल्या कुठं राहिली. "मगरीला तालुका कळतोय व्हय?"

खरं सांगते, मला राग यायचा. मामीही त्यांची टर उडवायची. "आवं, हातात बांगड्या भरू का तुमच्या? मी पोहून नदी पार केली हाय पोरवयात!" मामा खाली मान घालून भाकरी खायचे आणि सकाळी पुन्हा कासरा घेऊन दारात उभे.

एका रविवारी तळ्यावर जत्रा लोटावी तशी माणसं आली. मॅडमनी दोन गट केले. मासे धरणारे काठावर राहिले, त्यांच्यात कासऱ्याला बांधलेले मामा. पक्षी बघणाऱ्यांना घेऊन मी तळ्याला वळसा घालून पाणकणसांच्या उंच गवतामागे गेले, तिथं खंड्याचं बीळ होतं. पुढचं मला मॅडमनी सांगितलं. एका रिटायर गुरुजींच्या गळाला जबर ओढ लागली. "लागला, लय मोठा लागला!" म्हणून सगळे गोळा झाले. गुरुजींनी दोरी ओढत आणली, तर गळाला मासा नव्हता. चिखलानं माखलेली एक पिवळी ओढणी होती, बारीक आरशांची. आईनं आटपाडीच्या बाजारातून घेतलेली, माझी.

मामांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी कुठंच दिसेना.

"शितलेऽऽ!" ही हाक मी पाणकणसांमागून ऐकली. असा आवाज मी मामांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. धावत आले तर कासरा काठावर पडलेला. तो पुरेना म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं सोडला होता. आणि मामा पाण्यात. डोकं वर यायचं, पुन्हा खाली जायचं. मला पोहता येत नाही, मामांना पोहता येत नाही. गुरुजी आणि वॉचमन लांब बांबू पुढं करून ओरडत होते, "धरा! आवं, धरा की!" बांबू अगदी मामांच्या तोंडासमोर होता आणि मामा तो धरत नव्हते. दोन्ही हात पाण्याखाली घालून ते मला शोधत होते.

"मामा!" मी किंचाळले. "आवं मामा, मी हितं हाय! मी वर हाय!"

तेव्हा कुठं त्यांनी बांबू धरला.

बाहेर काढल्यावर ते चिखलात आडवे पडले, पाणी ओकले, आणि मग त्यांनी माझी सलवार, बाही, वेणी चाचपून बघितली. "कोरडी हाय," ते जमलेल्या लोकांना सांगायला लागले. "कोरडी हाय बगा पोरगी." एवढं म्हणून ते लहान मुलासारखे रडले, आणि मीही.

ओढणी तळ्यात गेली कशी, हे घरी गेल्यावर कळलं. मामीनं पदर तोंडाला लावला. मी आले त्याच आठवड्यात तिनं गुपचूप जाऊन तळ्याची ओटी भरली होती. तिच्या माहेरची रीत, पाण्याशी काम पडणाऱ्या माणसाच्या अंगावरचं एक कापड नारळाबरोबर दगड बांधून पाण्याला द्यायचं, म्हणजे पाणी माणसावर हात टाकत नाही. मला जुनी म्हणून नकोशी झालेली ओढणी तिनं त्यासाठी उचलली होती. नदी पार करणारी मामी! "मला बी भ्या वाटत हुतं," ती हुंदके देत म्हणाली, "पण तुमी एवढं भेता, मग मी कुणापाशी बोलू?" मामा अंथरुणातून क्षीण आवाजात म्हणाले, "पाण्यानं ती परत केली. जुनी दिलीस म्हणून."

मामांच्या छातीत कफ झाला. तळ्यावर जायचं नाही, असं डॉक्टरांनी आणि त्याहून जोरात मामीनं बजावलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. तेच तळं, तीच माणसं, तेच गळ. काठाशी उभी राहिले आणि एकाएकी मला ते पाणी दिसलं. काळं, तळ नसलेलं. एक पोर वाकलं तर माझ्या तोंडून 'आँ' निघालं. तोवर माझ्या वाटणीचं भ्यायचं काम मामांनी अंगावर घेतलं होतं, म्हणून मी खुशाल शिट्टी वाजवत काठानं हिंडत होते, हे मला त्या सकाळी कळलं.

आता मी पोहायला शिकलेय. नोकरी दूरच्या जिल्ह्यात लागली, एका धरणावर, पाणपक्ष्यांच्या कामाची. होडीत बसावं लागतं. मामांचा फोन येतो. "पाण्यापास्नं किती लांब हायस?" मी होडीतच असते आणि सांगते, "लय लांब, मामा." ते म्हणतात, "बरं," आणि निवांत फोन ठेवतात. मग भोवती नुसतं पाणी उरतं. माझ्या वाटणीचं आता माझं मलाच भ्यावं लागतं, आणि मामांइतकं मन लावून ते मला जमत नाही.