आत्याबाईंचा पळस

त्या वर्षी फाल्गुनात आमच्या घरात कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि त्यामुळे म्हणे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कुणाची, कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. गाड्या भरायच्या, अमरावतीला न्यायच्या, रिकाम्या आणायच्या, पुन्हा भरायच्या. बैलांचे खांदे सोलवटून निघाले होते. अशा दिवसांत माझ्या सासूबाईंनी चुलीपुढे बसून सांगितलं, "मले पयस पाहायले जायचं हाये."

मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. पळसाची दोन-चार झाडं आमच्या शिवेवरही होती, पण त्यांना ती नको होती. त्यांना हवा होता माहेरच्या टेकडीवरचा पळस. त्यांचं माहेर परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. लग्न होऊन त्या आमच्या काळ्या, सपाट मुलखात आल्या आणि त्यानंतर फाल्गुनात एकदाही माहेरी गेल्या नाहीत, कारण फाल्गुनात इकडे कामाची धांदल.

आता डोळ्यांवर साऱ्याचा पांढरा पडदा चढत होता. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याने फडक्याआडून दिसावं तसं दिसे. वैदूने डोळ्यांपुढे बोटं नाचवून पाहिली आणि पावसाळ्यानंतरचं काही बोलू नका म्हणाला.

माझे मालक म्हणाले, "झाडंच तं हायेत, माय. एवढा कापूस मार्गी लागू दे, मंग नेतो."

कापूस मार्गी लागेस्तोवर चैत्र उजाडणार आणि पळस झडून जाणार, हे त्यांनाही कळत होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी नेते. ते हसले. दोन बाया, डोंगरात? तेव्हा मी सांगितलं की मी तिकडच्या देवीला नवस बोलले आहे आणि तो याच महिन्यात फेडायचा आहे. नवसाला आमच्याकडे पुरुषमाणूस आडवा जात नाही. नवसबिवस काही नव्हता. मी धडधडीत खोटं बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

अमरावतीला माल टाकून परतवाड्याकडे रिकामी चाललेली एक गाडी मिळाली. पुढे पायी. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही आत्याबाईंच्या माहेरी पोचलो. भाऊ वारला होता, शेती आता भाचा बघत होता. पळसाचं नाव काढताच तो म्हणाला, "पयस तं हायेच, आत्या. पण वर आता कोणी जात नाही. जनावराचं भेव हाये." बोलताना तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आपण बायामाणसं घरात आलो म्हणून लाजतो आहे.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच भाकरी, ठेचा आणि पाण्याचा तुंबा घेऊन आम्ही निघालो. गावाबाहेर मोहाची झाडं होती आणि खाली फुलांचा सडा. आत्याबाई जोरजोराने खोकायला लागल्या. मी घाबरून त्यांची पाठ चोळू लागले तर मलाच दटावलं. "मले काही झालं नाही. मोहाखाली खोकत चालावं लागते. अस्वल खाली मान घालून खात असते, त्याले आपला पत्ता आधीच लागला पाहिजे." मग आम्ही दोघी खोकत चाललो. डावीकडे झुडपांत काहीतरी जड मोडत, फुरफुरत दूर गेलं. आत्याबाईंनी "जा बापा" एवढंच म्हटलं.

उघड्या माळावर आलो तशा त्या थबकल्या. त्यांना टापा ऐकू आल्या होत्या. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप होता. "किती हायेत?" त्यांनी विचारलं. "सात." "नर कोणता?" "काळसर हाये तो. मागे उभा राहून आपल्याकडे पाहून राहिला." "मंग पुढं गाभण्या असतीन. हळू चाल." खडकावर पानं झडलेलं गणेरीचं झाड होतं, त्याला हाताएवढी पिवळी फुलं. एक फूल त्यांनी डोळ्याशी इतकं जवळ नेलं की परागकण पापणीला लागले. पिवळं दिसलं, म्हणाल्या. खुशीत होत्या. मी तर नुसती हवेत होते. खोटं बोलून का होईना, आणलं ना यांना इथवर.

मग ओढा आला. ओढा ओलांडून वळलं की समोर सबंध उतार पळसाचा, असं त्या वाटभर सांगत होत्या. वळणावर त्यांनी माझा हात सोडला. "आता काही सांगू नको. मी पायते." कपाळावर आडवा हात धरून त्या उभ्या राहिल्या. मी मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आनंद कसा उमटतो ते मला बघायचं होतं.

त्या मटकन खाली बसल्या. "गेले," म्हणाल्या.

"काय गेलं, आत्याबाई?"

"डोये. सारं पांढरं दिसून राहिलं. लाल कुठंच नाही."

मी समोर बघितलं. अर्ध्या टेकडीपर्यंत पऱ्हाटी उभी होती. वेचायला बाया मिळाल्या नसाव्यात, शेवटच्या वेच्याचा कापूस बोंडांतून तसाच लोंबत होता. पऱ्हाटीच्या तासातासांमधून पळसाची खुंटं. भाचा जमिनीकडे का बघत होता ते आत्ता कळलं.

मी गप्प राहिले असते तर डोळे गेले असं मानून त्या घरी परतल्या असत्या. खरं सांगावं तर बापाने राखलेला पळस भाच्याने तोडला, हे ऐकवायचं. दोन्हीकडून मार त्यांनाच होता. पण डोळे असताना माणसाने आंधळं होऊन घरी जावं, हे मला सहन होईना.

"डोये नाही गेले तुमचे. पयस गेला. ते पांढरं म्हंजे कापूस हाये."

त्यांनी हात पुढे केला. मी एक बोंड तोडून तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चुरगाळलं, बोटांनी आतली सरकी चाचपली आणि फेकून दिलं. "मंग माहे डोये बरोबर हायेत," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "वर नुसते गोटे हायेत. गोट्यात नांगर चालत नाही. चाल."

वाट नव्हती. बोरीचे काटे, निसटते दगड, आणि डोक्यावर ऊन. दोनदा त्या पडल्या, एका गुडघ्यातून रक्त आलं. मी परत फिरू म्हटलं. "लाल पायल्याबिगर नाही," म्हणाल्या. पुन्हा मी परतीचं नाव काढलं नाही. मला भाच्याचा राग येत होता, मालकांचा येत होता, आणि काट्याला पदर अडकला तेव्हा स्वतःचाही आला. अंगावरचं नवं लुगडं त्याच कापसाच्या पैशाचं होतं. दिवाळीला ते नेसून मी गावभर मिरवले होते. मी पदर ओढून फाडला आणि त्यांना पुढे ढकललं.

टेकडीच्या वरच्या खांद्यावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. तिथे दगडांच्या फटीफटींतून पळस उभा होता. पान एक नाही, नुसतं फूल. मी त्यांचा हात सोडला.

कपाळावर आडवा हात धरून बघता बघता त्या म्हणाल्या, "तो वाकडा हाये ना, त्याच्या शेंड्यावर काहीतरी हालते."

"वानेर हाये. फुलं खाऊन राहिलं."

"खाऊ दे."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. भाकरीही खाल्ली नाही. मान एका बाजूने दुसऱ्या बाजूला हळूहळू नेत, एकेका झाडापाशी थांबत, सगळं परत परत बघत बसल्या. निघायचं मलाच सांगावं लागलं.

उतरताना पऱ्हाटीच्या कडेला त्या थांबल्या. पदराचं टोक डोळ्यांवरून घेतलं आणि डोक्यामागे घट्ट गाठ मारली.

"हे काहून? पडसान."

"आता मले दुसरं काही पायचं नाही. पांढरं तं पुढं जन्मभर हायेच. हात दे."

मी हात दिला. कापसातून मी त्यांना खाली आणलं. खुंट आलं की पाय उचला म्हणत होते, त्या उचलत होत्या. खुंटं संपता संपेनात. भाचा दारातच उभा होता.

"आत्या, पयस पायला?"

"पायला," त्या म्हणाल्या, आणि तशाच बांधल्या डोळ्यांनी उंबरा ओलांडून आत गेल्या.